डाव्या हातासाठी केलेला ढोल

मी एक जुना टायर आहे. ढोल ही पदवी मला उतारवयात मिळाली, म्हणून आधी खरं ते सांगून टाकलेलं बरं. मित्रांनो, तरुणपणी मी पाव पोचवणाऱ्या एका गाडीचं मागचं डावं चाक सांभाळत होतो. रस्त्यावरचा एकही खड्डा मी सोडला नाही आणि एकाही खड्ड्याने मला सोडलं नाही. पुढे नक्षी झिजून मी गुळगुळीत झालो आणि पंक्चरवाल्याच्या दुकानाबाहेर येऊन पडलो. तिथे दोन वर्षं मला एकच काम होतं. हवा भरून होईपर्यंत गिऱ्हाइकाने माझ्यावर बसायचं. उठताना कोणी मागे वळूनही पाहिलं नाही; पाहिलं ते फक्त आपले कपडे मळले का, एवढंच.

समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या एक काकू राहत. साठी जवळ आली आणि त्यांना जपानी ढोल शिकायची हौस आली. त्या ढोलाला तायको म्हणतात. पिंपाएवढा ढोल, दोन जाड काठ्या आणि वाजवायचं ते उभं राहून. वर्गात शिकणारे अकरा आणि ढोल तीन. आठवड्यातून एकदा जायचं आणि पाळी येईपर्यंत स्वतःच्याच मांडीवर ठोके मारत बसायचं.

काकूंची अडचण निराळीच होती. तीस वर्षं त्यांनी उजव्या हाताने मशीनचा दांडा फिरवला आणि डाव्याने नुसतं कापड सरकवलं. उजवा झाला पैलवान, डावा राहिला पाहुणा. शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, सहा आठवड्यांनी ऐकेन. दोन्ही हात सारखे वाजले तर वर्गाच्या कार्यक्रमात ढोलावर, नाहीतर मागे बसून झांज. घरच्या सरावाला जुना टायर पुरतो, हेही त्यांनीच सांगितलं. झांज काही वाईट नव्हे. पण काकू तीस वर्षं बसूनच होत्या. त्यांना आता उभं राहायचं होतं.

अशी माझी वर्णी लागली. पंक्चरवाल्याने मला घासूनपुसून वर पोचवलं. खोक्यांना लावतात ती रुंद, पारदर्शक चिकटपट्टी काकूंनी आणली होती. ती माझ्या तोंडावर या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणायची, थरावर थर चढवायचे, की झालं कातडं. पडद्याचा लाकडी दांडा कापून, टोकं घासून गोल केली, त्या झाल्या काठ्या. काकूंनी पट्ट्या लावल्या त्या शिवणाऱ्या माणसाच्या शिस्तीने. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, टाक्यामागून टाका घालावा तशा. दिसायला देखणं काम. पहिला ठोका पडला आणि ओल्या गादीवर मारल्यासारखा आवाज आला. एका अंगाला मी घट्ट होतो, दुसऱ्या अंगाला पार सैल.

पंक्चरवाला दारातच घुटमळत होता. तो म्हणाला, "काकू, चाकाचे नट असे ओळीने आवळतात का? एक इकडचा आवळला की पुढचा त्याच्या समोरचा. नाहीतर चाक तिरकं बसतं."

काकूंनी शेवटच्या पट्टीचं टोक नखाने उचकटलं. मग म्हणाल्या, "उसवायची सवय आहे मला." आणि सगळ्या पट्ट्या काढल्या. मग एक उभी, एक आडवी, मग समोरासमोरच्या कडांवरून तिरक्या. चौथा थर चढला आणि मी 'ढम्' म्हणालो. मित्रांनो, त्याआधी माझा आवाज जगाने एकदाच ऐकला होता, मी भर रस्त्यात फुटलो तेव्हा.

माझ्याखाली काकूंनी जुनी रजई घातली. तरी तिसऱ्याच दुपारी खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले. ते निवृत्त मुद्रितशोधक. उभा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुकांवर खुणा करण्यात गेलेला. काकूंनी आधीच माफी मागायला सुरुवात केली, पण त्यांनी हात वर केला. "आवाजाचं मी काही म्हणत नाही. पण एक ठोका जड, एक हलका. दुसऱ्या ठोक्यात चूक आहे, आणि चूक दिसली की माझा डोळा लागत नाही."

दुसऱ्या कोणी दार लावून घेतलं असतं. काकूंनी त्यांना कामाला लावलं. हलका ठोका पडला की खालून छत्रीच्या दांड्याने छताला टोचायचं, असं ठरलं. निवृत्तीनंतर आजोबांना एवढं मनाजोगतं काम कोणी दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी शंभर ठोक्यांत छत्री एक्केचाळीस वेळा बोलली. काकूंनी सुरुवातच डाव्या हाताने करायचा नेम केला. दोन आठवड्यांनी छत्री तेवीसवर आली, चौथ्या आठवड्यात नऊवर. कात्री धरतानाही डावा हात पुढे यायला लागला.

परीक्षेच्या आदल्या दुपारी शंभर ठोके झाले. छत्री गप्प. काकूंनी आणखी शंभर मारले. तरीही गप्प. म्हातारा माणूस, काही झालं तर नाही ना, म्हणून त्या तशाच काठ्यांसकट खाली धावल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आजोबा आरामखुर्चीत घोरत होते, छत्री मांडीवर.

काकू परत आल्या, माझ्यासमोर खाली बसल्या आणि त्यांनी डावा तळहात माझ्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि त्यांना ढोलावर उभं केलं.

आता मला वाटलं, आपलं काम संपलं, परत दुकानाबाहेर. पण कार्यक्रमानंतर चार दिवस सराव झाला नाही, तर आजोबाच वर आले. दुपारची झोप लागत नाही, म्हणाले. काकू हसल्या आणि चिकटपट्टी घेऊन बसल्या, कारण एव्हाना मी सैल पडलो होतो. पहिली पट्टी इकडून, पुढची समोरून.

मी कृतज्ञ आहे, मित्रांनो. ज्याने मला उसवायला लावलं त्याचा, जिने मला उसवलं तिचा, आणि ज्याने माझी तक्रार केली त्याचा तर सगळ्यांत जास्त. ताणलेलं सगळं हळूहळू सैल पडतं. त्यात लाज नाही, पुन्हा ताणावं लागतं इतकंच. तुमच्या दाराशी कोणी जुनं, गप्प बसलेलं असेल, तर फेकण्याआधी एकदा वाजवून बघा. जमलं तर डाव्या हाताने.