ओनोरेच्या पाठीवरचे हात

चौदा वर्षं ओनोरे सेग्ला पगार घेऊन सायकलच्या शर्यती हरला आणि दर हरण्यागणिक लोकांचा जास्तच लाडका झाला. जिंकणारे घाटातून भुर्रकन निघून जायचे, त्यांच्यावर प्रेम करायला वेळ कुणाला मिळणार? ओनोरेची झुपकेदार मिशी वळणावर दिसली, की माणसं पानावरून उठून धावायची आणि पाठीला हात लावून त्याला ढकलत ढकलत माथ्यावर पोचवायची. निवृत्त होऊन तीस वर्षं झाली, तरी ही खोड गेली नव्हती. सायकलवरून पाव आणायला निघाला तरी गावातलं कुणीतरी ढकलायचंच.

एका रविवारी जेवताना त्याची बायको ओदिल सहज बोलून गेली, "आयुष्यात एक तरी घाट स्वतःच्या पायांनी चढलायस का रे?"

ओनोरेनं हातातला घास खाली ठेवला. उत्तर त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि अडुसष्टाव्या वर्षी ते ठाऊक नसावं हे त्याला फार लागलं.

"आत्ता चढून दाखवतो!"

"लोक चढू देतील तर ना."

ओनोरेनं वस्तरा घेतला आणि मिशी साफ उतरवली. ओदिल आधी किंचाळली, मग पोट धरून हसली आणि गाडी काढून घाटमाथ्यावर जाऊन बसली.

बेत जमला. सायकलवर निघालेल्या या बिनमिशीच्या म्हाताऱ्याकडे वाटेत कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. पण शेवटच्या वळणावरच्या बारसमोर पायांनी संप पुकारला. बाहेर खाटीक बारनाबे पास्तिस, म्हणजे बडीशेपेची दारू, पीत बसला होता. आजवर सगळ्यात जोरात ढकलणारा तोच.

ओनोरेनं सगळा निश्चय गिळला. "बारनाबे, जरा ढकल रे."

"तू कोण टिकोजीराव?"

"अरे, मी ओनोरे!"

"ह्या! आमचा ओनोरे मागत नाही. मागितलं की पंच दंड करतात. तो 'सोडा, सोडा' ओरडतो, तेव्हा आम्ही ढकलतो. तुम्ही मारा पेडल, आजोबा!"

ओनोरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तिरीमिरीत उरलेले दोनशे मीटर कधी सरले, ते त्याला कळलंच नाही. माथ्यावर ओदिल होती आणि रवंथ करणारी एक गाय.

"चढलास! ओनोरे, एकटा चढलास रे!" ओदिल इतक्या जोरात ओरडली, की खाली बारनाबेचा ग्लास लवंडला.

"अरे देवा, तोच होता की!" खालून रडवेला आवाज आला. "आणि मी त्याला हाकललं! ओनोरे, खाली ये रे, एकदा ढकलू दे!"

ओनोरेनं गाईकडे पाहिलं आणि सायकल वळवली. पाच मिनिटांनी तो वीस हातांवर परत वर आला, "सोडा, सोडा!" ओरडत आणि सगळे दात दाखवत.

"यातली कुठली चढाई धरायची?" ओदिलनं विचारलं.

"दुसरी," तो म्हणाला. "पहिलीत फार एकटं वाटलं गं."