फोटोतली दगडी कुंडी

आर्किटेक्टने खड्ड्यात उतरून स्वतःच्या हाताने पहार मारून पाहिली. माती. तिच्याखाली आणखी माती. चार दिवस मजूर घाम गाळत होते आणि कारंज्याचा एक दगड म्हणून हाती लागला नव्हता.

"एवढं मोठं कारंजं गेलं कुठं? उडून गेलं का?" ती वैतागून म्हणाली.

समोर, बंगल्याच्या पायऱ्यांच्या पलीकडच्या अंगाला, माळीकाका तुतीच्या झाडाला पाणी घालत होते. एरवी गोगलगायींबद्दलही ठाम मत असलेला हा माणूस चार दिवस मूग गिळून बसला होता.

तिची मती गुंग झाली होती. छप्पर, खिडक्या, फळबागेची भिंत, सगळं जुन्या खुणांवरून जसंच्या तसं उभं राहिलं होतं. उरलं होतं ते कारंजं. मालकांची आई लहानपणी याच बंगल्यात वाढली होती, आणि कारंज्याजवळचा एक फोटो तिने जन्मभर उशाशी ठेवला होता. उद्या तिला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. मालकांना तिला चकित करायचं होतं, त्यामुळे तिला विचारायची सोय नव्हती. माळ्यावर सापडलेल्या काचेच्या निगेटिव्हवरून स्टुडिओने मोठी प्रत काढून दिली होती, आणि तिच्यावरूनच खड्ड्याची जागा ठरली होती. फोटोत कारंजं, शेजारी रडवेली मुलगी, तिचे वडील आणि कोपऱ्यात दगडी कुंडी. कुंडी तर पाथरवटाने घडवूनही आणली होती.

तिने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ धरला. वडिलांच्या कोटाची बटणं बायकांच्या कपड्यांसारखी उलट्या बाजूला होती.

स्टुडिओवाल्याने काच उलटी लावली होती, डाव्याचं उजवं झालं होतं. बंगला दोन्ही अंगांनी सारखाच, त्यामुळे कोणाच्या लक्षात येणार? तिने कागद उलटा करून उन्हात धरला. कारंजं थेट तुतीवर जाऊन बसलं.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं?"

"रोप लावताना कुदळ खणकन वाजली होती. चाळीस वर्षं झाली त्याला." त्यांनी झारी खाली ठेवली. "तुम्ही कुठं विचारलंत?"

मालकांनी एका वाक्यात निकाल लावला. झाड काढा.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवत आली. माळीकाका झाडाला पाठ लावून उभे राहिले. जागचे हलले नाहीत. आर्किटेक्टला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात, ठरल्या वेळेच्या तासभर आधीच, गाडी फाटकातून आत आली.

"हे काय चाललंय रे?" काठी टेकत उतरलेल्या थोरल्या बाईंनी विचारलं.

"तुझं कारंजं, आई. पहिल्यासारखं करतोय."

"माझं? मला भीती वाटायची त्याची. फोटोसाठी बाबांनी दटावून उभं केलं होतं मला तिथं."

मालक गोंधळून आर्किटेक्टकडे बघू लागले, जणू उत्तर तिच्या खिशात होतं.

"मग फोटो एवढा जपलास तो?"

"आमच्या कुत्र्यासाठी, काळूसाठी. त्याचा तेवढा एकच फोटो आहे. हलला मेला, म्हणून पुसट आलाय."

त्यांनी आर्किटेक्टच्या हातातल्या फोटोवर बोट ठेवलं. कुंडीवर.

मजुराने कोणी न सांगताच करवत खाली ठेवली. आर्किटेक्टची नजर सावलीत ठेवलेल्या नव्याकोऱ्या कुंडीकडे गेली. गोलमटोल, काळ्या दगडाची, पुढे थोडी झुकलेली. ते झुकणं पाथरवटाला जमावं म्हणून तिने तीन चित्रं काढून दिली होती. लाजेने तिचे कान तापले.

थोरल्या बाई हळूहळू कुंडीपाशी गेल्या. त्यांनी तिच्या काठावर हात ठेवला.

"अगं बाई! अस्साच बसायचा," त्या म्हणाल्या. "कान तेवढे राहिले."

"लावतो," माळीकाका म्हणाले आणि खुरपं नि दोन रोपं आणायला गेले.