नंबर लीलाचा होता

मी एक छोटा काळा-पांढरा टीव्ही बोलतोय. बोलावं लागतंय, कारण ज्या बाईवर अन्याय झाला ती गप्प आहे, आणि माझा राग काही जात नाही.

हिंदी मुलखातल्या सोनागिरी टाउनशिपमधल्या कोठेकरांनी मला घेतलं ते पंचाऐंशी साली. अनंत कोठेकर तिथल्या कारखान्यात इंजिनिअर. त्याची बायको लीला नागपूरची, गणितात एम.एस्सी. तिने हौशी लोकांसाठीचा एक स्वस्तातला कॉम्प्युटर बुक केला होता. तो टीव्हीला जोडावा लागे, म्हणून आधी मी आलो.

तो मात्र येईना. शहरातल्या न्यू मार्केटमधला दुकानदार दर वेळी हसून सांगे, "भाभीजी, माल बंबई से निकल चुका है।" बैलगाडीने निघाला असता तरी एव्हाना पोचला असता! लीलाने पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढला. स्वयंपाक आटोपला की ती त्यावर बोटं चालवी आणि माझ्या बंद काचेकडे बघे. शेजारच्या मनोरमाबाई म्हणत, "अगं, त्यापेक्षा भरतकाम शीक. निदान दोरा तरी वेळेवर मिळतो."

वर्ष गेलं. एका दुपारी जेवताना अनंत चाचरत म्हणाला, "टाउनशिपच्या क्लबात कॉम्प्युटर आलाय. तुझाच असावा. आमच्या कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी दुकानदाराला फोन केला होता म्हणे."

लीलाचा हात ताटातच थांबला. "नंबर माझा होता ना?"

"साहेब आहेत ते. माझी बढती त्यांच्याच हातात आहे, लीला. पुढचा आला की..."

"तुम्ही जेवा," ती म्हणाली.

मला वाटलं, गिळला हिने अपमान. कसलं काय! तो ड्युटीवर जाताच तिने मला चादरीत गुंडाळलं, रिक्षात घातलं आणि थेट क्लब गाठला.

कॉम्प्युटर तिथे काचेच्या कपाटात खोक्यासकट पडून होता. क्लबच्या टीव्हीवर क्रिकेट चालू. ते बंद करून कॉम्प्युटर जोडतो कोण? माझं डोकंच फिरलं. जी वर्षभर वाट बघत होती तिचे हात रिकामे, आणि ज्यांना गरज नव्हती ते चौकार मोजत बसलेले!

"मैडम, साहब की इजाज़त के बिना इसे छूना मना है," सेक्रेटरी श्याम दुबे म्हणाला.

"बुकिंग मेरी है। चाबी दीजिए।"

आवाज चढला नव्हता, पण किल्ली आली.

तिने आम्हाला जोडलं. पुठ्ठ्यावर घोटलेली बोटं भराभर चालली. माझ्या काचेवर तिचं नाव उमटलं. त्याखाली पुन्हा तेच, पुन्हा तेच. काच भरली तरी थांबेना. क्रिकेट सोडून माणसं गोळा झाली.

"अरे, इसे रोकिए!" दुबे ओरडला.

"जिनका कंप्यूटर है, वही रोकें," असं म्हणून ती चालती झाली.

संध्याकाळी साहेब आले. नाव थांबवणं कुणालाच जमेना. शेवटी त्यांनी स्वतः प्लग उपटला. अनंत मला न्यायला आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. रिक्षात मला मांडीवर धरून तो एवढंच पुटपुटला, "मीच जायला हवं होतं."

त्याची बढती रखडली. लीलाचा कॉम्प्युटर पुढच्या दिवाळीला आला. त्यावर तिने टाउनशिपमधल्या किती बायकांना शिकवलं! क्लबातला कपाटातच सडला.

आता मी त्याच शहरात, अरेरा कॉलनीतल्या तिच्या घरी, माळ्यावर आहे. पिक्चर ट्यूब गेली. मला दुरुस्ती नको, कौतुक नको. पण "आमचं चुकलं" एवढं तिला आजवर कुणी म्हटलेलं नाही. तो दुकानदार, ते साहेब, कुणी हयात असाल तर या. लीला घरीच असते. चहाही मिळेल. पण आधी ते दोन शब्द.