गणपतीच्या पाठीमागची ओळ

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर मंजूषानं सांगितलं तर तुम्हाला नवल वाटायला नको. मंजूषा माझी मुलगी, बंगळूरला असते. उद्या सकाळी ट्रक येईल, शाहपुऱ्याचा हा फ्लॅट रिकामा होईल आणि ती मला घेऊन जाईल. "आई, सामान कमी कर," असं चार दिवस माझ्या डोक्याशी चाललंय. करतेच आहे बाई, पण सत्तेचाळीस वर्षांचं भोपाळ चार खोक्यांत मावतं का?

आमचे हे, म्हणजे विश्वास, सांगलीहून इथल्या सरकारी कारखान्यात टेक्निशियन म्हणून आले. मराठी माध्यमातला माणूस. पहिल्याच आठवड्यात मीटिंगमध्ये काहीतरी इंग्रजी बोलायला गेले आणि साहेबासकट सगळे हसले. घरी येऊन जेवले नाहीत. नुसतं म्हणाले, "शशी, नामं कुणालाही येतात गं. क्रियापदात माणूस उघडा पडतो." त्या रविवारपासून त्यांचं सुरू झालं, आठवड्याला एक क्रियापद.

रविवारी अंघोळ करून हे दोन जाडजूड डिक्शनऱ्या घेऊन बसायचे. लिहायचे कशावर, तर जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. असा जाड, गुळगुळीत कागद विकत घ्यायला गेलं तर परवडणार नाही म्हणायचे. वर स्पेलिंग, आणि ते तसंच का झालं त्याची हकिकत. मग मराठीत अर्थ, कधी तीन, कधी तेरा. मग शब्द कुठून आला, त्याचे नातेवाईक कोणकोणत्या भाषांत आहेत. आणि सगळ्यात खाली एक उदाहरणाचं वाक्य. ते वाक्य नेहमी माझ्यावर!

'शशी ब्रेक्स कप्स.' 'शशी बर्न्स द पोळी अँड ब्लेम्स द गॅस.' मी अशी चिडायची! त्यात कॉलनीतली पोरं संध्याकाळी यांच्याकडे इंग्रजी शिकायला यायची आणि तीच वाक्यं पाठ करायची. शेजारच्या गौरीनं शाळेच्या पेपरात पोळीचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. तिच्या बाईंनी तिला विचारलं, "ये शशी कौन है?" गौरी म्हणाली, "हमारी काकू है, मगर पोळी अच्छी बनाती है." आज आठवलं तरी हसू येतं, तेव्हा मात्र मी दोन दिवस बोलले नव्हते.

अबोला आमच्याकडे शिस्तीत चालायचा. माफी कुणी मागायची नाही. एक-दोन दिवस गेले की हे त्या आठवड्याचं कार्ड साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचे. मी वाचायची, शेवटच्या वाक्यावर फणफणायची, आणि त्याखाली पेन्सिलीनं लिहायची, 'चहा झालाय.' कार्ड त्यांच्या कपाशेजारी ठेवलं की संपला अबोला. चाळीस वर्षं असंच चाललं.

शेवटचा अबोला ग्वाल्हेरच्या समीरच्या लग्नावरून झाला. समीर माझा भाचा. त्याची पत्रिका आली, मी हळदीकुंकू लावून देवापुढे ठेवली. सुरेख पत्रिका होती, मोरपंखी काठाची, वर मधोमध गणपती. लग्न अजून व्हायचं होतं! आणि या माणसानं ती देवघरातून उचलून मागे 'कीप' लिहायला घेतलं. मी नको नको ते बोलले. "घरात काही शिल्लक ठेवाल की नाही? उद्या माझ्या कपाळावर लिहाल!" वर म्हटलं, "आता तोंड उघडू नका माझ्याशी."

त्यांनी नाही उघडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तेच कार्ड साखरेच्या डब्याला टेकून उभं होतं. माझा राग उतरला नव्हता. मी ते न वाचता उचललं, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात खुपसलं आणि त्यांच्यासमोर चहाचं पातेलं धुऊन पालथं घातलं. त्यांनी बघितलं. चपला घातल्या आणि तळ्यावर फिरायला गेले. पाऊण तासानं कुणा परक्या माणसाचा फोन आला. बाकावर बसल्याबसल्याच गेले होते.

पुढचे दिवस घर नातेवाइकांनी भरलेलं होतं. कुणीतरी तो गठ्ठा माळ्यावर टाकला. नंतर मी तो काढून पान अन् पान चाळलं, पण कार्ड हाती लागलं नाही. दोन वर्षं एकच गोष्ट मला खात होती. त्या शेवटच्या वाक्यात काय होतं? त्यांचा राग गेला होता, की माझ्यावर रागावूनच ते गेले? मंजूषा म्हणायची, "आई, बाबा कधी रागावलेत का तुझ्यावर?" पण तिला काय माहीत, मी पातेलं पालथं घातलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला होता ते.

आज सकाळी स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण रिकामा केला. तळाला मी जुन्या पत्रिका अंथरलेल्या, ते कागद काढायला गेले आणि एक उलटा झाला. यांचं अक्षर! वर मोठ्या अक्षरांत 'कीप'. मी तिथंच फरशीवर बसले.

वाचत गेले. पूर्वी हा शब्द 'सी'नं लिहायचे, मग 'के' आला, मग दोन 'ई' आल्या, सगळं नीट लिहिलेलं. अर्थ: ठेवणे, राखणे, पाळणे, टिकणे, करत राहणे. जुना अर्थ: नजर ठेवणे, वाट पाहणे. मूळ: 'नक्की माहीत नाही. दोन्ही डिक्शनऱ्या हात वर करतात. दुसऱ्या भाषांत याला नातेवाईक सापडत नाही. एकटाच आहे, तरी इतकी शतकं टिकला.' त्याखाली 'उदाहरण', दोन टिंबं, आणि पुढे भोक. चांगलं चार बोटं रुंद, कात्रीनं कापलेलं.

कार्ड पालटून बघितलं, तर मोरपंखी काठ. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कात्री माझीच! पत्रिका रद्दीत टाकायच्या आधी मी गणपती कापून घेते, आईची शिकवण. देवाचं चित्र पायदळी जाऊ नये म्हणून ते डब्यात साठवायचं आणि अनंत चतुर्दशीला विसर्जन करायचं. हे गेल्यानंतरच्या दिवाळीत अशाच तीसेक पत्रिका घेऊन बसले होते. हे कार्ड त्यांत कसं आलं देव जाणे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन व्हायचं होतं, पत्रिका कुणाची, मागे काय लिहिलंय, ते कुठलं दिसायला! यांनी लिहिताना पत्रिका वरची खाली धरलेली, म्हणून वरच्या गणपतीमागे नेमकी खालची ओळ आली. देवाची म्हणून जपायला गेले आणि त्यांची शेवटची ओळ मीच कापली.

"मंजू, गणपतीचा डबा कुठाय?" मी ओरडले.

"तो तुझ्या जावयानं मागच्या वर्षी विसर्जनाच्या कुंडात सोडला ना आई. तूच तर दिला होतास."

मला रडूच कोसळलं. मंजूषानं कार्ड हातात घेतलं, काठ बघितला आणि म्हणाली, "हा मोरपंखी गणपती? अगं, हा देवघराच्या दाराला आतून चिकटवलायस की तू!"

खरंच की! फार सुंदर म्हणून हा एकच मी डब्यात न टाकता कणकेच्या खळीनं दाराला लावला होता. तेव्हापासून रोज त्याला फूल वाहत होते. निघेपर्यंत पूजा व्हायला हवी म्हणून देवघर तेवढं बांधायचं राहिलं होतं.

"ओढू नकोस, फाटेल," मंजूषा म्हणाली. तिनं गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं. मी देवघराचं ते हातभर दार बिजागरीवरून काढलं आणि हात जोडले. "बाप्पा, जरा पाठ फिरव. मला यांचं वाचायचंय." वाफेवर दार धरलं. मंजूषानं खालून आधार दिला. खळ हळूहळू सुटली. एक कोपरा दारालाच राहिला, पण अक्षरं आली. शाई फुटली होती, तरी वाचता येत होतं.

'शशी कीप्स क्वाएट. आय कीप वेटिंग.'

शशी गप्प आहे. मी वाट बघतोय.

रागावले नव्हते हो! आणि मी काय केलं, तर पातेलं पालथं घातलं. मी मोठ्यानं रडले, शेजारी ऐकू जाईल इतकं. मंजूषानं मला उगी केलं नाही, शेजारी बसून राहिली. शेवटी उठून तिनं त्याच उकळत्या पाण्यात चहापत्ती आणि साखर घातली.

मी तो तुकडा कार्डाच्या भोकात बसवला. मग पेन्सिल शोधली. सगळी पेनं-पेन्सिली खोक्यांत गेलेल्या. मी बांधलेलं एक खोकं फोडलं. पेन्सिल मिळाली. त्यांच्या ओळीखाली जागा होती, नेहमी ठेवायचे तेवढीच.

तिथं मी लिहिलं, 'चहा झालाय.'