नखाएवढ्या हस्तिदंताचा परवाना

मी व्हायोलिनचा गज बोलतोय. नाव सगळे व्हायोलिनचं घेतात, पण तारांवरून फिरतो तो मी. एक लाकडी काठी, घोड्याच्या शेपटीचे केस आणि टोकाला नखाएवढा हस्तिदंताचा तुकडा. ज्या हत्तीचा तो दात, त्याला कुणी विचारलं नव्हतं. ते ओझं मी विसरत नाही.

आत्याने माझ्यासोबत चाळीस वर्षं काढली. तिची बोटं आखडली, तेव्हा मी तिच्या भाचीच्या हाती आलो. पुढे भाचीला परदेशातल्या वाद्यवृंदाच्या निवडीसाठी बोलावणं आलं. वाद्यं दुरुस्त करणारे काका म्हणाले, "कुणी विचारलंच तर प्लास्टिक म्हण. कोण बघतंय?"

विमानतळावरच्या तपासनीस बाईंनी नेमकं बघितलं. भिंग लावून विचारलं, "हे काय?"

भाची म्हणाली, "हस्तिदंत. जुना आहे, पण कागद नाहीत."

"मग नेता येणार नाही. तिकडे उतरल्यावर जप्तच झाला असता. घरच्यांना बोलवा, त्यांच्याकडे द्या. आणि हा परवान्याचा अर्ज घ्या."

आत्या बाहेरच होती. मला मांडीवर घेऊन ती टॅक्सीत बसली. वाटलं, आता चिडणार. ती एवढंच म्हणाली, "पोरगी खरं बोलली, बरं झालं."

भाची तिथे उसन्या गजाने वाजवूनही निवडली गेली. इकडे आत्याने पदर खोचला. मला काकांच्या वडिलांनी घडवलं होतं. ओशाळलेल्या काकांनी माळा उपसला आणि माझ्या जन्मसालाची, म्हणजे हस्तिदंतावर बंदी येण्याआधीची, नोंद शोधून दिली. वन्यजीव कार्यालयात चार खेपा झाल्या आणि परवाना हाती आला.

"टपालाने पाठव गं," भाची फोनवर म्हणाली.

"परवाना माझ्या नावावर आहे. मलाच यावं लागणार!" सत्तराव्या वर्षी आत्या पहिल्यांदा विमानात बसली. निघताना शिक्का, उतरल्यावर शिक्का. मी ताठ मानेने पोचलो.

त्या तपासनीस बाईंचे मी मनापासून आभार मानतो. त्यांच्यासारखी माणसं डोळ्यांत तेल घालून बघतात, म्हणून कितीतरी हत्ती आज जंगलात फिरताहेत. तुमच्याही घरच्या वाद्यात दात, शिंग, शिंपला काय आहे ते एकदा बघा आणि वेळेत कागद करून घ्या.

परवा भाचीचा पहिला कार्यक्रम झाला. प्रवासाने दमलेली आत्या पहिल्या रांगेत चक्क घोरू लागली. भाचीला हसू आवरेना. एक सूर जरा थरथरला असेल, तर माफ करा. मीही हसत होतो.