कालचे कंद

गावात गोळ्या सुटल्या तशी माकियेसेने धाकट्या भावाला, न्लांदूला, हाताला धरून ओढ्याकडे पळवलं आणि कसावा भिजवण्याच्या खड्ड्यात उतरवलं. गोळ्या झाडणाऱ्या त्याच टोळीतून तो दोन दिवसांपूर्वी पळून आला होता. पळालेल्याला टोळीवाले जिवंत ठेवत नसत.

कडू कसाव्याचे कंद त्या खड्ड्यात चार दिवस बुडवून ठेवत. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते कंदाला आतून पोखरतात, लाकडासारखा कंद लोण्यासारखा होतो आणि त्याचं विष पाण्यात उतरतं. घाण मात्र अशी सुटते की परका माणूस जवळ थांबत नाही. माकियेसेची सगळी भिस्त त्या घाणीवर होती. न्लांदू कंदांमध्ये आडवा झाला. पपईच्या पोकळ देठातून तो श्वास घेई, नाकाने सोडी. वर तिने केळीची पानं टाकली.

टोळीचा म्होरक्या म्बुंगू एकटाच पायवाटेने खाली आला. हातात कोयता.

"माय, भाऊ कुठाय?"

"नदीपार गेला. जा, पोहत जा."

"गाव पेटलंय आणि तू इथं बसलीस?"

"कसावा टाकून पळू? तू जेवायला घालणारेस मला?"

म्बुंगू हसला. मग त्याची नजर पानांच्या कडेला गेली. तिथे बुडबुडे येत होते.

"चौथा दिवस आहे. फसफसणारच," ती म्हणाली.

"माहितेय. माझ्या आईने यावरच वाढवलं मला."

त्याने खाली वाकून एक कंद उचलला आणि अंगठा रुतवून पाहिला. रुतला नाही. गुडघ्यावर आपटला तसा कंद कट्‌कन मोडला.

"हा कालचा आहे."

"जुन्या पाण्यात टाकलाय. जुनं पाणी घाई करतं."

"करतं ना. पण एका दिवसात असं फसफसत नाही. मला शिकवतेस होय?"

त्याने कोयता सरळ पाण्यात खुपसला. पाणी लाल झालं. आतून हूं की चूं नाही. त्याने पुन्हा खुपसला आणि तिसऱ्यांदा हात उचलला.

कंद कांडायचं मुसळ माकियेसेच्या हाताशी होतं. तिने ते त्याच्या कानामागे घातलं. तो गुडघ्यांवर आला, "माय—" म्हणाला. तिने पुन्हा घातलं. तो तोंडावर खड्ड्यात पडला, तशी ती त्याच्या पाठीवर बसली आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं कंदांमध्ये दाबून धरलं. त्याने पाय झाडले, नखांनी तिची मांडी फाडली. त्याचे पाय थांबल्यावरही बराच वेळ तिने हात काढले नाहीत.

न्लांदू ओकत बाहेर आला. कोयत्याने त्याची मांडी हाडापर्यंत उघडी पडली होती.

"ताई... मेला?"

"हो. चालता येतंय?"

"नाही."

वर पायवाटेवर कुणीतरी म्बुंगूच्या नावाने हाक मारत होतं. माकियेसेने लुगडं फाडून भावाची मांडी करकचून आवळली आणि पाण्यातला कोयता चाचपून उचलला.

"मग रांग," ती म्हणाली, आणि पायवाटेकडे तोंड करून उभी राहिली.