बुडून परतणारा राजा

मी एक जुना चौरंग आहे. कोरियातल्या तोंगयोंग बंदराच्या वरच्या अंगाला, चढणीच्या गल्लीतल्या एका घरात मी राहतो. एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. माझ्या पायांना बाक देता देता आणि लाखेचे हात चढवता चढवता त्याचा अख्खा हिवाळा गेला. मग गीजुन नावाच्या तरुण कोळ्याने लग्नाआधी मला विकत घेतले आणि पाठीवर बांधून ही चढण चढवली.

मित्रांनो, सुरुवातीची वर्षे सुखाची होती. माझ्यावर वाफाळता भात, आंबवलेला कोबी आणि भाजलेला बांगडा मांडला जाई. गीजुन आणि त्याची बायको सुनये समोरासमोर बसून जेवत. एके दिवशी गीजुनची बोट माकूळ धरायला गेली ती गेलीच. ना बोट सापडली, ना माणसे.

सुनयेने कित्येक दिवस माझ्यावर ताट मांडले नाही. मग एका सकाळी तिने मला स्वच्छ पुसले आणि कोरे कागद ठेवले. तिच्या लेखणीतून मुजिन नावाचा बेटांचा राजा जन्मला. कादंबरीच्या पहिल्या खंडाच्या शेवटी तो समुद्रात बुडाला, आणि दुसऱ्या खंडात केसांत शेवाळ घेऊन चालत किनाऱ्यावर आला. वाचक वेडे झाले.

ती लिहायचीच तशी! तिचे वादळ वाचताना ओठांवर मीठ येई, असे लोक म्हणत. लढाईत अगदी मागच्या रांगेतल्या शिपायालाही ती नाव-गाव देई. दूरदूरच्या शहरांतून वाचक आमची गल्ली शोधत येत, माझ्यावरून हात फिरवून विचारत, "सगळं ह्याच्यावरच लिहिलं?" मला तेव्हा फार अभिमान वाटे.

पण गीजुनची धाकटी बहीण इनसुक काही भुलत नसे. ती शाळेत भाषा शिकवायची आणि प्रत्येक खंड सर्वांत आधी वाचायची.

"वहिनी, तुझा राजा, तुझा कोळी आणि तुझी चेटकीण, तिघं एकाच तोंडाने बोलतात. आणि हा अंगरखा! पाच पानं झाली, अजून बाह्यांपर्यंतच पोचलीस."

"वाचकांना आवडतात बाह्या," सुनये हसून म्हणे.

"वाचकांना तू आवडतेस, म्हणून बाह्या सोसतात."

पुढे मात्र हसणे संपले. मुजिन पुन्हा बुडाला, पुन्हा परतला. विष पिऊन परतला, जळून परतला. या बाईच्या पुस्तकात मरण म्हणजे सर्दी-पडसे, दोन दिवसांत बरे, असे वर्तमानपत्रात छापून आले. सुनये दार लावून अधिकच लिहू लागली. तिच्या कोपरांखालची माझी लाख उडाली. शाई सांडली ती तशीच वाळली. माझा एक पाय खिळखिळा झाला, तर तिने त्याखाली टाकून दिलेली पाने घडी करून सारली. मला कोणी पुसत नव्हते. तिलाही कोणी विचारत नव्हते, कारण ती दारच उघडत नव्हती.

शेवटच्या खंडात मुजिन पुन्हा बुडाला, आणि लेखणी थांबली. एके दिवशी इनसुक शिंपल्यांची पेज घेऊन आली आणि दार ठोठावत राहिली, ते उघडेपर्यंत.

"आरशात बघितलंस स्वतःला?" तिने वाडगा माझ्यावर ठेवला.

"तो वर येत नाहीये, इनसुक. दोर टाकला, कासव पाठवलं, समुद्र आटवून पाहिला. येतच नाही गं."

"मग राहू दे त्याला तिथेच."

"गप बस!" सुनयेने माझ्यावर हात आपटला. मला मधोमध चीर गेली. "तुझं काय जातं सांगायला?"

"माझं काय जातं? भाऊ होता तो माझा!"

सुनयेने आपटलेला हात अलगद मागे घेतला.

"तो मेला असं मी लिहिलं," सुनये पुटपुटली, "तर मीच त्याला बुडवल्यासारखं होईल."

"त्याला समुद्राने बुडवलं, वहिनी. तू त्याला इतकी वर्षं एकटीच वर ओढत्येस. हात बघ तुझे."

सुनयेने माझ्यावर डोके टेकले. मी उकळती भांडी सोसली आहेत, पण ते रडणे मला सोसवेना. खूप वेळाने तिने विचारले, "मग मुजिनच्या राणीचं काय? ती काय करेल?"

"मला काय माहीत? दहा खंडांत तू तिला धड बोलू दिलं आहेस का?"

सुनयेने कागद ओढला. त्या दिवशी तिने एकच पान लिहिले. त्यात अंगरखा नव्हता, वादळ नव्हते. राणी किनाऱ्यावर उभी राहून समुद्राकडे बघत राजाला म्हणते, 'तुझ्या चपला अजून दारात आहेत. रोज मी त्यांना अडखळते. आज उचलून ठेवते.' राणीचा आवाज दमलेला होता, थोडा रागीटही. तो दुसऱ्या कोणाचाच नव्हता. इनसुकने पान दोनदा वाचले, आणि पहिल्यांदाच तिला चूक काढता आली नाही.

पुस्तक आले तेव्हा वाचक चिडले. आमचा राजा परत द्या, म्हणाले. सुनयेने त्यानंतर एक ओळही लिहिलेली नाही. काही दुपारी ती माझ्या चिरेवर तळवा ठेवून नुसती बसते. चीर रोज थोडी रुंदावते आहे. मी किती टिकेन, ठाऊक नाही. तीही किती टिकेल, या विचाराने माझा जीव कासावीस होतो.

मित्रांनो, पुस्तकांचे गुणदोष जरूर काढा. इनसुकने काढले, म्हणून ते एक पान जन्मले. माझ्यासारख्या जुन्या लाकडाला अधूनमधून तेलाचा हात लावा, ओल्या फडक्याने पुसा. पण त्याआधी, अशा चौरंगाशी कोणी एकटी बसलेली दिसली, तर दार ठोठावा आणि विचारा, जेवलीस का?